न्यू जर्सीत कोर्टाने निग्लेक्ट (मुलाकडे दुर्लक्ष) ठरवलं, अपील करू का?

एडिसनची_आई: मंडळी, मला वाटलं नवरा घरी आहे, त्याला वाटलं मी आहे, आणि चार वर्षांचा मुलगा पाऊण तास एकटा राहिला. पायजम्यावरच खिडकीशी रडत उभा होता, शेजारणीने ९११ लावला. फॅक्ट फाइंडिंगला (दुर्लक्ष झालं का ते ठरवायच्या सुनावणीत) जजने निग्लेक्ट ठरवलं. अपीलला किती दिवस मिळतात?

जर्सीवाला: ताई, फायनल ऑर्डरपासून ४५ दिवस, अपेलेट डिव्हिजनमध्ये, म्हणजे राज्याच्या अपील कोर्टात. पण केस अजून चालू असेल तर हा निकाल मधलाच धरतात, लगेच जायचं तर कोर्टाची परवानगी मागावी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही. साक्षी परत होत नाहीत हां, जुने ट्रान्स्क्रिप्टच (सुनावणीची लेखी नोंद) वाचतात.

जुनी_खोड: वकिलाला टी. बी. नावाने नोंदलेल्या आईच्या केसचा २०११ चा निकाल विचारा. आजीची गाडी दारात दिसली म्हणून ती घरीच आहे असं धरून आई जेवायला गेली, मुलगा चारच वर्षांचा. राज्याचं सुप्रीम कोर्ट म्हणालं चूक आहे, पण कायद्याला लागतो तेवढा घोर निष्काळजीपणा नाही. तुमचंही जवळपास तेच की!

एडिसनची_आई: वकिलाची फी झेपत नाहीये हो, आणि नाव रजिस्ट्रीत (मुलांचा छळ-दुर्लक्ष करणाऱ्यांच्या सरकारी यादीत) गेलंय...

जर्सीवाला: मग पब्लिक डिफेंडरकडे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसकडे जा, उत्पन्न मर्यादेत बसलं तर अपीललाही वकील देतात. जिंकलात तर नाव निघेल. ऑर्डरवरची तारीख आजच बघा.