'मोमेंट ऑफ ट्रुथ': नेमका कोणता क्षण?

हा वाक्प्रचार शिकवणाऱ्या, भाषांतरात हाताळणाऱ्या आणि कामात रोज वापरणाऱ्या सगळ्यांनी आपापले बारकावे इथे लिहावेत. कोशातला अर्थ सापडतोच. चूक कुठे होते, ते हवं आहे.

भाषांतरकार:
'सत्याचा क्षण' कृपया लिहू नका. वाचकाला वाटतं, आता कुणीतरी कबुली देणार. इथलं 'ट्रुथ' म्हणजे खरं बोलणं नव्हे, खरा कस. वाक्प्रचार स्पॅनिश बैलझुंजीतला. मॅटडोर तलवारीचा शेवटचा वार करतो तो हा क्षण. त्यासाठी त्याला शिंगांवरून पुढे झुकावं लागतं, आणि तिथे नुसता देखावा चालत नाही. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९३२ सालच्या 'डेथ इन द आफ्टरनून'मधून हा प्रयोग इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला.
मराठीत प्रसंग पाहून शब्द निवडावा. क्षण यायचा असेल तर 'घोडामैदान जवळच आहे', येऊन ठेपला असेल तर 'आता खरी कसोटी'.

इंग्रजीच्या शिक्षिका:
मुलांना तीन खुणा तपासायला सांगते: तयारी संपलेली, निकाल अजून कळलेला नाही, आणि आता लपायला जागा नाही. नळजोडणीचं उदाहरण लगेच पटतं. आट्यांवर टेप गुंडाळणं, सांधा आवळणं ही तयारी. मुख्य कॉक उघडला की सांधा गळतो की टिकतो, तो 'मोमेंट ऑफ ट्रुथ'. 'टर्निंग पॉइंट' बहुतेकदा मागे वळून पाहताना कळतो, हा मात्र समोर उभा असतानाच कळतो. मुलं हे दोन्ही सर्रास एक करतात.

मुद्रितशोधक:
अनेकवचन 'मोमेंट्स ऑफ ट्रुथ'. 'ट्रुथ'ला 'स' लावू नये. ठरावीक प्रसंगाबद्दल बोलताना आधी 'द' हवाच.

ग्राहकसेवा प्रशिक्षक:
आमच्याकडे अर्थ थोडा सरकलाय. १९८०च्या दशकात स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख यान कार्लसन यांनी हिशोब मांडला: वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची साधारण ५ कर्मचाऱ्यांशी गाठ, दर वेळी सरासरी १५ सेकंद. म्हणजे वर्षाला ५ कोटी 'मोमेंट्स ऑफ ट्रुथ'! अशा मजकुरात 'निर्णायक क्षण' लिहिलं की घोटाळा होतो, कारण निर्णायक क्षण कोट्यवधी नसतात. 'ग्राहकाचं मत बनतं तो क्षण' असं सरळ लिहावं.

उपशीर्षककार:
पडद्यावर इतकी जागा नसते. पात्र पाकीट फोडता फोडता हे म्हणत असेल, तर 'आता कळेलच!' पुरतं.