मदत हवी आहे: थाइम (स्वयंपाकात घालतात तो सुवासिक पाला) उगवतं आणि चार दिवसांत आडवं पडतं

खिडकीग्रिल
मुंबईत, खिडकीच्या ग्रिलमध्ये, तिसरी वेळ. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवलं, बी टाकलं, वरून झाकण. उगवतं छान, मग सगळं झोपतं. बी खराब असेल का? कुठलं घेऊ? जरा लवकर सांगा, पाकिटात चिमूटभरच उरलंय.

मूळव्यवहार
उगवतंय म्हणजे बी चांगलंय. आडवं म्हणजे नक्की कसं? देठ मातीपाशी बारीक, काळपट झालाय की रोप नुसतंच लांबुडकं होऊन वाकलंय? कधी पेरलंत? ऊन किती? झाकण कधी काढलंत?

फांदीवाला
बियांचा नाद सोडा हो. सुपरमार्केटातल्या जुडीतल्या ८-१० सेंमीच्या, फुलं न आलेल्या बारा काड्या घ्या, खालची पानं ओरबाडा, ओल्या वाळूत खोचा. फ्रिजमधला माल असतो, निम्म्या कुजतील. उरलेल्या तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

खिडकीग्रिल
फांदी नकोय, बी घेतलंय ना. देठ मातीपाशी काळा. दसऱ्यानंतर लगेच पेरलं. झाकण काढायचं असतं??

मूळव्यवहार
सापडलं. ही रोपं कोलमडण्याची बुरशी. कोंदट हवा, चिंब कोकोपीट आणि ऑक्टोबरचं ३३-३४ अंश, तिला आणखी काय हवं? थाइमला उगवताना १८ ते २१ बरं वाटतं. मुंबईत नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पेरा.

नुसतं कोकोपीट नको. धुऊन, घट्ट पिळून एक भाग, परलाइट (कुंडीत घालायचे हलके पांढरे खडे) किंवा धुतलेली जाड वाळू एक भाग. खत शून्य. श्रीखंडाच्या डब्याला खालून सहा भोकं. बी खसखशीएवढं असतं, चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरा, म्हणजे गठ्ठ्याने पडत नाही. वर माती टाकू नका, त्याला उजेड लागतो. वाटीच्या बुडाने फक्त दाबा. पाणी वरून नाही, डबा दहा मिनिटं परातीत ठेवायचा. उगवायला दोन-तीन आठवडे. पहिली हिरवी टिकली दिसली त्याच दिवशी झाकण कायमचं काढा, मग ऊन आणि वारा.

परसदार
वरून दालचिनीची पूड टाका, बुरशी जाते.

मूळव्यवहार
पडलेलं रोप त्याने उठत नाही. ट्रायकोडर्माही (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पेरण्याआधीच मिश्रणात घालून ठेवायचा असतो.

परसदार
पण नुकसान तरी काय? आणि अंड्याची टरफलं कुटून घाला, थाइमला चुनखडीची जमीन आवडते.

मूळव्यवहार
आवडते, मान्य. पण टरफलं विरघळायला महिने जातात, रोपं चार दिवसांत मरताहेत.

भजीप्रेमी
थाइम म्हणजे ओवाच ना? आमच्याकडे कुंडीत भरपूर आहे, पानांची भजी मस्त होतात. बेसनात थोडं तांदळाचं पीठ घाला.

फांदीवाला
तीन वेगळी झाडं आहेत. ज्याच्या बिया आपण खातो तो ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. भज्यांचा जाड, लवदार पानओवा आणि थाइम दोन्ही तुळशीच्या कुळातले, पण एक नव्हेत. वास जुळतो तो थायमॉल (पानांच्या तेलातलं वासाचं द्रव्य) आणि त्याच्या भाऊबंदांमुळे. आणि लेमन थाइम हवं असेल तर फांदीच, ते बियांपासून तसंच येईल याची खात्री नसते.

खिडकीग्रिल
लेमन कोणी विचारलं? आठ रोपं अजून उभी आहेत, त्यांचं काय करू?

मूळव्यवहार
पडलेली मातीसकट चमच्याने उचलून फेका. उरलेल्यांना दोन दिवस पाणी बंद, कोवळं ऊन, वारा. ५ सेंमीची झाली की सहा इंची मातीच्या कुंडीत हलवा. नर्सरीतली नुसती लाल माती घट्ट बसते, म्हणून निम्मी जाड वाळू हवीच. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. कापणी चार महिन्यांनी, हिरवा शेंडा छाटायचा; खालच्या लाकडी काडीला सहसा पुन्हा फुटवा येत नाही. जूनमध्ये कुंडी छज्ज्याखाली ओढा, नाहीतर पावसात मुळं कुजतील.

भजीप्रेमी
ग्रिलमध्ये मातीची कुंडी? सोसायटीची नोटीस येईल.

खिडकीग्रिल
झाकण काढलं. वाळू जुहू चौपाटीची चालेल का?

फांदीवाला
अजिबात नको, मीठ असतं तिच्यात. माशांच्या टाकीत घालतात ती बारीक खडी आणा, धुऊन वापरा.