मदत हवी आहे: शेजाऱ्याने चित्ता पाळलाय, तक्रार कुठे करू?

वैतागलेला: दोन महिने झाले, कोणी दाद देत नाही. शेजाऱ्याने मागच्या अंगणात चित्ता ठेवलाय. खराखुरा. पिंजरा आहे म्हणायला, पण बघून पोटात गोळा येतो. पोलीस म्हणतात प्राण्यांचं आमच्याकडे नाही, प्राणीवाले म्हणतात आम्ही भटकी कुत्रीच बघतो. शेजारी म्हणतो, माझ्याकडे कागद आहेत. मुलांचं बाहेर खेळणं बंद आहे. कृपया नेमकं काय ते सांगा, तत्त्वज्ञान नको.

रानभूल: यात विचारायचं काय? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. घरात पाळणं हाच गुन्हा. वनखात्याला कळवा, संध्याकाळपर्यंत उचलून नेतील.

वैतागलेला: मी भारतात नाही हो. अमेरिकेत आहे.

खडूस काका: हे वर लिहायला काय झालं होतं? राज्य कुठलं?

वैतागलेला: ते नाही सांगत. आसपास आमचं एकच मराठी घर आहे, लगेच ओळखू येऊ.

खडूस काका: मग घ्या अंदाजपंचे उत्तरं. ओहायोत २०११ साली एका माणसाने स्वतःकडचे वाघ-सिंह मोकळे सोडले आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. रात्र पडत आलेली, भूल द्यायला वेळ नाही. पोलिसांनी १८ वाघ आणि १७ सिंह मारले, अस्वलं वगैरे वेगळीच. त्यानंतर, २०१२ मध्ये, त्या राज्याला कडक कायदा सुचला. विस्कॉन्सिन, नेवाडात तर राज्याची बंदीच नव्हती. म्हणून राज्य विचारलं, चौकशीची हौस म्हणून नाही.

ठिपकेदार: आधी मला सांगा, चित्ता नक्की का? आपल्याकडे ठिपके दिसले की चित्ता. डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ आहे का? ठिपके भरीव की फुलासारखे?

वैतागलेला: रेघ बघायला जाळीला नाक लावू का? ठिपके आहेत, दात आहेत, पुरे.

ठिपकेदार: चिडू नका. आवाज कसा काढतो?

वैतागलेला: रात्री दोन-अडीचला सुरू होतो. करवतीने ओंडका कापावा तसा. खर्र-खर्र, खर्र-खर्र, दहा-बारा वेळा, मग एकदम गप्प. बायको आधी म्हणत होती कोणी तरी सुतारकाम करतंय.

ठिपकेदार: बिबट्या आहे तो. चित्ता पक्ष्यासारखा चिवचिवतो आणि मांजरासारखी घुरघुर करतो, करवत चालवत नाही. आणि हा फरक नुसता नावाचा नाही. बिबट्या स्वतःच्या वजनाची शिकार तोंडात धरून झाडावर नेतो. पिंजऱ्याला छत आहे?

वैतागलेला: नाही. आठेक फुटांची जाळी आहे चारी बाजूंनी. एका कोपऱ्यात झाडाची फांदी आत आलीय, त्यावर तो पाय लोंबकळत सोडून पडलेला असतो.

ठिपकेदार: अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं!

मोकळा श्वास: उगाच घाबरवू नका. जबाबदारीने पाळणारेही असतात. लहानपणापासून माणसांत वाढलेला प्राणी काही करत नाही. कायदे करून चांगल्या लोकांनाच त्रास होतो.

खडूस काका: लास वेगासचे जादूगार रॉय हॉर्न, त्यांच्या वाघाने किती वर्षं स्टेजवर काम केलं होतं ते बघा, आणि २००३ मध्ये त्याच स्टेजवर त्यांची मान धरून फरफटत नेलं. माणसाळलेला वेगळा आणि पाळीव वेगळा. कुत्रा पाळीव झाला तो हजारो वर्षांत, तुमच्या बाटलीतल्या दुधाने नव्हे.

मोकळा श्वास: तो वाघ त्यांना वाचवायला बघत होता, असं रॉय स्वतः म्हणायचे.

खडूस काका: म्हणोत. मान कोणाची होती?

वैतागलेला: शेजारी म्हणतो नखं काढलीत, काही होत नाही.

सई_क: पशुवैद्य आहे म्हणून लिहिते. नखं काढणं म्हणजे नेलकटर नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापतात. प्राणी जन्मभर दुखऱ्या पायांवर चालतो. दात आणि जबडा असतोच. दुखणारा प्राणी जास्त शांत असतो असं मी तरी पाहिलेलं नाही.

हौशी_मांजरप्रेमी: अवांतर: सर्व्हल (आफ्रिकेतलं रानमांजर) पाळता येतं का? माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे.

खडूस काका: नवा धागा काढा.

कलम_कसाई: आता कामाचं. अमेरिकेत वाघ-सिंहांसारखी मोठी जनावरं घरी पाळायला बंदी घालणारा बिग कॅट पब्लिक सेफ्टी ॲक्ट आहे, २० डिसेंबर २०२२ पासून. बिबट्या त्यात येतो. ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना १८ जून २०२३ पर्यंत फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे (केंद्राचं वन्यजीव खातं) नोंद करायची होती. प्राणी मरेपर्यंत ठेवता येतो, पण नवा आणायचा नाही, पिल्लं काढायची नाहीत, लोकांना हात लावू द्यायचा नाही. तेव्हा दोन प्रश्न. ‘कागद’ म्हणजे ही नोंद, की कृषी खात्याचा प्रदर्शनाचा परवाना? परवानेवाल्यांना वेगळी सूट आहे. आणि प्राणी आणला कधी?

वैतागलेला: कागद मी पाहिलेला नाही. तिकीट लावून दाखवताना तर कधी दिसला नाही. आणला गेल्या उन्हाळ्यात. पिल्लू होतं, कडेवर घेऊन फिरायचा. मुलांनी फोटोही काढलेत.

कलम_कसाई: गेल्या उन्हाळ्यात पिल्लू? मग कायदा आला तेव्हा तो जन्मलाच नव्हता. नोंद होणंच शक्य नाही, आणि परवानाही नसेल तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि २०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. ते फोटो तारखेसकट फिश अँड वाइल्डलाइफच्या तपास विभागाला आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला पाठवा. छत नाही आणि फांदी आत आहे, हे लेखी. चित्ता लिहू नका. नवे फोटो काढायला जाळीपाशी जाऊ नका.

रानभूल: आणि तो जप्त झाला तर जाणार कुठे? याचा कोणी विचार करतं का?

ठिपकेदार: अभयारण्यात. २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या रस्त्यावर जो वाघ फिरत होता, त्यालाही तसंच ठेवलंय. नाव काय होतं माहितीय? इंडिया.

वैतागलेला: पाठवलं दोन्हीकडे. काल एकाचा फोन आला. त्याने पत्त्याच्याही आधी विचारलं, छत आहे का. आणि आज सकाळी शेजारी शिडी लावून ती फांदी कापत होता. बिबट्या खाली बसून बघत होता. शेजाऱ्याला कळलं कसं?

खडूस काका: तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत, ते परत लिहायचं राहिलं.