मदत हवी आहे: स्कीइंगसाठी बोटीला ६० एचपी इंजिन पुरेल की ९०च घ्यावं?

मंडळी, बेळगावकडच्या हिडकल जलाशयावर घरच्या घरी वॉटर स्कीइंग करायचा बेत आहे. (परवानगीचं काम भावजींकडे आहे, ते बघतील.) गोव्याकडून १६ फुटी फायबर बोट बघून ठेवलीय, मागे ६० एचपी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून लावायचं इंजिन). बोटीच्या प्लेटवर कमाल ९० एचपी लिहिलंय.

पोरांना ही बोट सहज ओढेल. प्रश्न भावजींचाच आहे, वजन ९० किलोच्या घरात! बोटीत चालवणारा आणि मागे लक्ष ठेवणारा, असे दोघे तरी असणारच. एकदा पाण्यावर आलं की दोन स्कीवर ताशी ४० किमी भागतं. खरा जोर लागतो तो खोल पाण्यातून उठताना. तिथंच इंजिन दमलं तर माणूस नुसतं पाणी पितोय. त्यात हिडकल साडेसहाशे मीटर उंचीवर, म्हणजे पाच-सहा टक्के ताकद तिथंच गेली.

कमी पिचचा (एका फेऱ्यात बोट कमी पुढं ढकलणारा) प्रोपेलर लावून ६०वर निभेल काय? की सरळ ९० घ्यावं? कमी पिचनं आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) मर्यादेबाहेर जाईल काय, तेही सांगा. मोठं इंजिन वजनानं जड, पेट्रोलही जास्त पिणार, म्हणून अडलोय. वजनदार माणसाला ओढलेल्यांनीच सांगा बघू.