परंपरा आणि महासत्तांची स्पर्धा : ग्वाल्हेरहून थोडी भर

महासत्तांचे वागणे त्यांच्या परंपरेतून ठरते का, या चर्चेत असे म्हटले गेले आहे की चीनचे धोरण प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या सामंजस्यविचारातून घडते, म्हणून त्याचा उदय स्वभावतःच शांततामय राहील. मला हे पटत नाही. चीनने १९६२ मध्ये भारताशी आणि १९७९ मध्ये व्हिएतनामशी युद्ध केले. शिवाय माओच्या अखेरच्या वर्षांत ज्या कन्फ्यूशियसविरुद्ध सरकारी मोहीम चालली, त्याच्याच नावाने २००४ पासून तेथील शासनाने परदेशांत संस्था उघडल्या. म्हणजे वारसा तोच असला, तरी त्यातले काय उचलायचे हे सत्ताधारी ठरवतात.

युद्धपरंपराही अचल नसते. पानिपतात जखमी झालेल्या महादजी शिंद्यांनी पुढे द बॉइन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी उभ्या केल्या आणि गनिमी काव्यावर वाढलेल्या मराठी फौजेचे रूप एका पिढीत पालटले. ग्वाल्हेरच्या आम्हा मराठी मंडळींना हा इतिहास जवळचा आहे, आणि चर्चेत त्याचा विसर पडू नये असे मनापासून वाटते.

सामूहिक स्मृतीचा प्रभाव मात्र मी नाकारत नाही. १८१२ मध्ये नेपोलियनचे आणि १९४१ मध्ये हिटलरचे आक्रमण सोसलेल्या रशियाला नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीचा पूर्वेकडील विस्तार धोक्याचा वाटतो. पण १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्याची आठवण पोलंडलाही आहे, आणि म्हणूनच १९९९ मध्ये त्याने नाटोचा आश्रय घेतला. एकाची संरक्षणाची तजवीज दुसऱ्याला चढाईची तयारी भासते, ती अशा परस्परविरोधी स्मृतींमुळे.