व्हेनेझुएलाची बुडालेली गस्तनौका: हसायचं की नाही?

टिळकवाडीकर:
आमच्या शाळेच्या ग्रुपवर 'नाइग्वाता'चा फोटो पुन्हा फिरतोय. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 30 मार्च 2020, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, व्हेनेझुएलाच्या ला तोर्तुगा बेटाजवळचा समुद्र. 'रेझोल्यूट' हे पोर्तुगालच्या झेंड्याचं क्रूझ जहाज इंजिनाचं काम काढून पाण्यावर तरंगत होतं. प्रवासी एकही नाही, कर्मचारी 32. जायचं होतं कुरासाव बेटावर. नौदलाची गस्तनौका 'नाइग्वाता' आली आणि आमच्या मागून मार्गारीटा बेटाच्या बंदरात चला म्हणाली. कप्तान कंपनीच्या ऑफिसशी बोलत होता तेवढ्यात गोळ्या झाडल्या गेल्या. मग नौकेने जहाजाला उजवीकडून धडक दिली आणि नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, भिडून ते किनाऱ्याकडे वळवायला बघितलं. ही सगळी हकीकत जहाजाच्या कंपनीची. व्हेनेझुएला म्हणतो, जहाजानेच आम्हाला ठोकलं. बुडाली मात्र नौका. तिच्यावरचे 44 जण वाचले.

माझं म्हणणं, मनसोक्त हसा. खलाशांना नव्हे, हुकूम देणाऱ्याला. समोर काय उभं आहे हे न बघता वर्दीच्या जोरावर अंगावर जाणाऱ्याची फजिती झाली तर सुतक कशाला पाळायचं?

कॅम्पातला फौजी:
मी पायदळातला माणूस, समुद्राचं मला फार कळत नाही, पण हुकूम कळतो. सशस्त्र नौका थांबवून 'चला' म्हणते तेव्हा आधी जायचं, तक्रार नंतर करायची. ऑफिसला फोन लावून बसणं म्हणजे चालढकल. उद्या आपल्या तटरक्षक दलाला कुणा परदेशी जहाजाने असंच ताटकळत ठेवलं तर हाच ग्रुप 'उडवा त्याला' म्हणून ओरडेल.

खानापूरचा पोरगा:
सुभेदार साहेब, हुकूम बरोबर असेल हो. पण ऊस भरलेल्या डबल ट्रॉलीला मोटरसायकलनं ढकलून रस्त्याच्या कडेला घेतात काय कुणी? 😂 बघून तरी धडक द्यायची की!

निपाणीकर:
हद्द म्हणजे काय हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवायला नको. आपला सीमावादाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तर मुद्दा हा की, प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनारी देशाची हद्द, 12 सागरी मैलांचा. जहाज बेटापासून 13.3 मैलांवर होतं असं कंपनी सांगते. म्हणजे हद्दीबाहेर जेमतेम 2.4 किलोमीटर. त्यापुढे 24 मैलांपर्यंतच्या पट्ट्यात किनारी देशाला जकात, इमिग्रेशन, आरोग्य असल्या कारणांसाठी जहाज तपासता येतं, हे 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात आहे. आणि गंमत म्हणजे व्हेनेझुएलाने त्या करारावर सहीच केलेली नाही. तरी माझ्या मते विचारायला येण्यात नौकेचं काहीच चुकलं नाही. आपल्या दारात कुणी रात्रभर इंजिन बंद करून बसलं तर आपणही विचारूच. चुकलं ते पुढे.

डेकवरून:
बेळगावचाच, पण पोट व्यापारी जहाजावर. दोन गोष्टी.

पहिली. सगळे 'आठ हजार टन विरुद्ध दीड हजार टन' असं लिहितात. क्रूझ जहाजाचा आठ हजाराचा आकडा ग्रॉस टनेजचा, म्हणजे आतल्या जागेचा. वजनाचा नव्हे. नौकेचा दीड हजार मात्र वजनाचा. तेव्हा ही वजाबाकी करूच नका. खरी गोम पत्र्यात आहे. 'रेझोल्यूट' 1991 साली फिनलंडमध्ये बांधलेलं, ध्रुवाकडच्या बर्फातून जाण्यासाठी. अशा जहाजाला पाण्याच्या रेषेवर जाड पत्रा असतो आणि आतल्या फासळ्या जवळजवळ बसवलेल्या असतात. बर्फ दाबतो, ठोकतो, ते सोसण्यासाठीच ते बनलेलं. शिवाय पाण्याखाली नाळेला पुढे आलेला गोल फुगवटा. वरून तो दिसत नाही. गस्तनौका असते वेगासाठी, तिची कूस, म्हणजे बाजूचा पत्रा, पातळ. अशा नाळेला आपली कूस घासत कुणी गेला तर पुढचं सांगायला नको. धडकेनंतर 'रेझोल्यूट'ला किरकोळ मार लागला, बस्स.

दुसरी. तरंगत होतं म्हणून ते बिचारं उभं होतं, असं समजू नका. नांगर टाकलेला नाही, धक्क्याला बांधलेलं नाही, म्हणजे नियमात ते चालतं जहाजच. टक्कर टाळायची जबाबदारी त्याच्यावरही होती. तेव्हा कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणणार नाही. पण हे नियम नौदलालाही लागू असतात.

शहापूरची:
हसणाऱ्यांनो, एप्रिल 2006 आठवतंय? आपल्या नौदलाची 'आयएनएस प्रहार' गोव्यासमोर रात्री 'राजीव गांधी' नावाच्या मालवाहू जहाजावर आदळून बुडाली. ते जहाजही सरकारी शिपिंग कॉर्पोरेशनचं! चोर्ला घाट उतरलं की जो समुद्र लागतो, तिथली गोष्ट. सगळे वाचले. तेव्हा कुणी जगभर स्मायली टाकल्या असत्या तर कसं वाटलं असतं?

टिळकवाडीकर:
ताई, वाईटच वाटलं असतं. पण तो अपघात होता. 'प्रहार'ने ढकलायला म्हणून धडक दिली नव्हती. आणि आपल्याकडे नौकेच्या कप्तानाचं कोर्टमार्शल झालं. तिकडे राष्ट्राध्यक्ष मादुरो टीव्हीवर 'दहशतवाद आणि चाचेगिरी' म्हणाले. मोकळ्या क्रूझ जहाजाला समुद्री चाचा ठरवलं. हसू त्याचं येतं.

कॅम्पातला फौजी:
राजकारणी काय वाटेल ते बोलतील. माझा प्रश्न वेगळा. 44 माणसं पाण्यात, आणि हे क्रूझवाले कुरासावला निघून गेले. ते चालतं का तुमच्या समुद्रात?

डेकवरून:
साहेब, चालत नाही. बुडणाऱ्याला मदत करणं बंधनकारक आहे, त्याने तुमच्यावर गोळ्या झाडल्या असल्या तरी. कंपनी म्हणते, आम्ही तासाभराहून जास्त जवळ थांबलो, कुरासावच्या बचाव केंद्राला विचारलं, तुमची गरज नाही असं कळल्यावरच निघालो. व्हेनेझुएला म्हणतो, भ्याडासारखे पळाले.

खानापूरचा पोरगा:
एक तास थांबले? मी असतो तर पाच मिनिटं पण थांबलो नसतो. गोळ्या घालायलेत म्हटल्यावर!

कॅम्पातला फौजी:
म्हणूनच तू कप्तान नाहीस, बाळा.