ग्लुटेन-फ्री ब्रेड: डबा उघडेपर्यंत मऊ कसा राहील?

सकाळी मऊ असलेला ग्लुटेन-फ्री (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेला) स्लाइस दुपारी डबा उघडेपर्यंत कडक होतो आणि उचलला की मधोमध तुटतो. ज्यांचे रोजचे डबे याच ब्रेडचे असतात त्यांनी आपापली पद्धत लिहा. मोघम नको. किती वेळ, किती तापमान, कशात गुंडाळता आणि कुठे फसतं, तेही येऊ द्या.

* * *

आधी ब्रेड फ्रीजमधून बाहेर काढा. तो शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट बसू लागतो, आणि ०–५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे फार भराभर होतं. म्हणजे नेमकं फ्रीजचं तापमान! गव्हाच्या ब्रेडला ग्लुटेनच्या जाळीचा आधार असतो. तांदूळ, मका, बटाटा, टॅपिओका यांच्या ब्रेडमध्ये स्टार्चच जास्त आणि जाळी नाहीच, त्यामुळे एका रात्रीत तो खडूसारखा होतो. फ्रीजमध्ये बुरशी उशिरा धरते हे खरं, पण तोवर ब्रेडमध्ये खाण्यासारखं काही उरलेलं नसतं.

उणे १८ अंशांना मात्र हा बदल जवळपास थांबतो. म्हणून एक-दोन दिवसांत संपेल तेवढाच बाहेर, हवाबंद डब्यात. बाकीचा आणला किंवा भाजला त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. ‘उरला तर टाकू’ म्हणत तिसऱ्या दिवशी गोठवलेला ब्रेड तिसऱ्या दिवसाचाच बाहेर येतो.

* * *

घरी भाजत असाल तर कापण्याची घाई करू नका. आतलं तापमान ९६ ते ९८ अंशांपर्यंत गेलं की बाहेर काढा आणि जाळीवर २–३ तास पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना कापला की सुरीला लगदा चिकटतो. कोमटच पिशवीत घातला तर वाफेचं पाणी पिशवीला धरतं आणि तिथेच बुरशीची सोय होते.

गार झाल्यावर साधारण १२ मिमी जाडीचे स्लाइस करा. याहून पातळ स्लाइस डब्यात टिकत नाहीत. ट्रेवर एका थरात, एकमेकांना न चिकटतील असे मांडून तासभर गोठवा. मग दोन-दोनमध्ये बटर पेपरचा तुकडा घालून झिपच्या पिशवीत. अख्खा ब्रेड गोठवला तर त्याचा मधला भाग गोठायला काही तास घेतो, म्हणजे ०–५ अंशांच्या त्या वाईट टप्प्यात रेंगाळतो. सुटे स्लाइस तो टप्पा पटकन ओलांडतात. शिवाय सकाळी दोन स्लाइस काढायला सुरी आणि हातोडा लागत नाही.

रेसिपीत इसबगोलाचा भुसा असेल तर ब्रेड पाणी जास्त धरून ठेवतो. ४०० ग्रॅम पिठाला २० ग्रॅमच्या आसपास घालते. त्याच्या हिशेबाने पाणीही वाढवावं लागतं, नाहीतर ब्रेड दगड होतो.

* * *

वरच्या पद्धतीत एक भर. पिशवीतली हवा हाताने दाबून पूर्ण जात नाही. पिशवीचं तोंड बोटभर उघडं ठेवायचं, ती पाण्याने भरलेल्या पातेल्यात हळूहळू खाली सोडायची, पाण्याच्या दाबाने हवा वर निघून जाते. तोंड पाण्याला टेकायच्या आत झिप लावायची आणि पिशवी पुसून आत ठेवायची.

हवा राहिली की स्लाइसच्या कडांवर पांढरट कोरडे डाग पडतात आणि पिशवीत बर्फाचा भुगा दिसतो. तो भुगा म्हणजे ब्रेडमधलंच पाणी. पिशवी फ्रीझरच्या दारात नको, मागच्या बाजूला हवी, कारण दाराजवळचं तापमान सारखं खालीवर होतं. दोन महिन्यांच्या आत संपवा. त्यानंतर खराब होतो असं नाही, पण चव पुठ्ठ्याकडे झुकते. पिशवीवर तारीख मात्र लिहाच.

* * *

वितळवताना पिशवी बंदच ठेवा! गोठलेला स्लाइस उघडा ठेवला की हवेतली वाफ त्याच्यावर धरते आणि वरचा थर ओलसर होतो. बंद पिशवीत ते पाणी बाहेरच्या बाजूला धरतं. एक स्लाइस पाऊण तासात तयार.

पण डब्यासाठी वितळवायची गरजच नाही. मऊ केलेलं बटर गोठलेल्या स्लाइसवर अगदी कडेपर्यंत लावा. गोठलेला असल्यामुळे तो फाटत नाही आणि बटरचा थर आतला ओलावा अडवतो. चीज किंवा इतर कोरडं सारण घालून क्लिंग रॅपमध्ये घट्ट गुंडाळा. दुपारपर्यंत आपोआप मऊ होतो. काकडी, टोमॅटो, लेट्यूस वेगळ्या डबीत, खाताना भरायचे.

आठवड्याचे सँडविच एकदम करून गोठवत असाल तर बटर, चीज, शेंगदाण्याचं बटर चालतं. मेयोनीज फाटतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरी होतो आणि काकडीचं तर पाणीच होतं.

* * *

मायक्रोवेव्हमध्ये १५–२० सेकंद, ओलसर पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून. ब्रेड एकदम ताजा होतो.

* * *

होतो, पण तिथल्या तिथे खायचा असेल तरच. त्या उष्णतेने स्टार्च सैल पडतो, सोबत पाणीही उडतं, आणि गार झाला की आधीपेक्षा चिवट. डब्यासाठी मायक्रोवेव्ह नकोच. त्यापेक्षा हलका टोस्ट करा, पण जाळीवर उभा ठेवून पूर्ण गार झाल्यावरच सँडविच बांधा. गरम टोस्ट डब्यात बंद केला तर स्वतःच्याच वाफेने भिजतो.

* * *

अंडं, मांस किंवा चीज असेल तर बर्फाचा पॅक लागतो. असं अन्न २ तासांहून जास्त बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावं. अडचण अशी की पॅक ब्रेडला टेकला की पुन्हा फ्रीजचीच गत. म्हणून सारण वेगळ्या डबीत घालून पॅकला लागून ठेवायचं आणि ब्रेडची डबी दुसऱ्या बाजूला, मध्ये घडी घातलेला नॅपकिन.

* * *

घरात गव्हाचा ब्रेडही येत असेल तर सिलिअ‍ॅकवाल्यांसाठी (ज्यांच्या आतड्यांना ग्लुटेनने इजा होते) ब्रेड मऊ राहणं ही दुसरी काळजी, पहिली चुऱ्याची. फ्रीझरमध्ये वरचा कप्पा ग्लुटेन-फ्रीचा, म्हणजे गव्हाचा चुरा वरून पडणार नाही. टोस्टर, लाकडी पाट आणि बटरची डबी वेगळी. एकाच बटरमध्ये फिरलेली सुरी हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित घोटाळा. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या) व्याख्येत ग्लुटेन-फ्रीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, यावरून चुऱ्याची किंमत लक्षात यावी. गोठवून किंवा भाजून ग्लुटेन जात नाही.

* * *

बाहेर राहून कडक झालेल्या अर्ध्या ब्रेडचं काही होतं का? बुरशी नाहीये.

* * *

होतं. वर पाण्याचा हबका मारा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि १६० अंशांच्या ओव्हनमध्ये १०–१२ मिनिटं ठेवा. गरम आहे तोवर खा, डब्यात देऊ नका. पुन्हा कडक झाला तर तुकडे करून १२० अंशांवर वाळवा आणि चुरा करून ठेवा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खा टाकायचा. तेवढा भाग कापून भागत नाही, मऊ ब्रेडमध्ये बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते.